ओल्डरॉइड ओरडत नव्हता

अकराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की ओल्डरॉइड ओरडत नाहीये. आधी वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू येत नसेल. आमच्या मैदानावर मार्चमध्ये टेकडीकडून वारा येतो आणि बोललेलं सगळं नदीकडे घेऊन जातो. म्हणून टोपी कानांवरून वर सरकवली, कठड्याला पोट टेकून पुढे वाकलो आणि थांबलो. समोरच्यांचा हल्ला चालू होता. चिखलातून बूट उपसल्याचे आवाज, अंगावर अंग आदळल्याचा आवाज, पोटातून निघालेला हुंकार, मग पंचाचं ‘तीन’. परत धडक, परत ‘चार’. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांना द्यायचा, एवढाच आमच्या रग्बीचा हिशेब. या सगळ्याच्या मागे, माझ्यापासून वीसेक पावलांवर, एक नंबरची जर्सी घातलेला पोरगा उभा असणार, आणि त्याने बोलत असायला हवं होतं. बारा जण पुढे ओळीने उभे राहतात, त्यांना समोरचा माणूस तेवढा दिसतो. कुठल्या बाजूला किती जमलेत ते फक्त मागच्याला, फुलबॅकला, दिसतं. त्याने मोजायचं आणि ओरडायचं. ‘डावीकडे एक जास्त! सरक, सरक! आत ये!’ डेक्लन ओल्डरॉइड हे ऐंशी मिनिटं करायचा, न थकता, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसारखा. दोन वर्षं मी तो आवाज दर दुसऱ्या रविवारी ऐकत आलो होतो. आणि आज तो आवाज नव्हता. वारा पडला तेव्हाही नव्हता.

आम्ही तिघं उभे राहतो ती जागा लोकांना विचित्र वाटते. आपला संघ ज्या टोकाकडे चाल करून जातो त्या खांबांमागे सगळे जमतात, कारण ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, तिथे होणार. मध्यंतराला बाजू बदलली की हातातले चहाचे कप सांभाळत अख्खं स्टँड मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातं. आम्ही तेव्हा उलटे येतो. आपला बचाव जिकडे, तिकडे आम्ही. मी, बॅरी सग्डन आणि मॉरीन बॅटी. बॅरीचं चाळीस वर्षं बाजारपेठेत खाटकाचं दुकान होतं, मॉरीन बसमध्ये कंडक्टर होती. पहिल्यांदा उलटं चालायचं मी काढलं तेव्हा बॅरी म्हणाला होता, “विल्फ, तुझं डोकं फिरलंय का? ट्राय तिकडे होणार आणि आपण इकडे काय, गवत बघायचं?” मी म्हणालो, “खेळ मागून कळतो, लेका.” तो कुरकुरत आला. मॉरीन काही न बोलता आली. पुढे हे वाक्य गावात झालं. विल्फ हेपवर्थ म्हणतो, खेळ मागून कळतो. विल्फच्या नजरेतून काही सुटत नाही.

नजर. मला दिसत नाही. म्हणजे आंधळा नाही मी, कडेकडेचं दिसतं. मधोमध एक धुरकट डाग आहे आणि तो माझ्याबरोबर फिरतो. ज्याच्याकडे बघावं तो नाहीसा होतो, ज्याच्याकडे बघत नाही तो तेवढा दिसत राहतो. तीन वर्षं झाली. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, उलट फिरणार नाही, वाढेल. नॉर्माला, म्हणजे बायकोला, मी सांगितलं, वयोमानाने आहे, चष्मा बदलला की झालं. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी मुलीला फोन केला असता, आणि मुलगी लिंकनला आमच्यासाठी बिनपायऱ्यांचं घर शोधून बसलीच आहे. छान घर आहे म्हणे, मागे बाग आहे. लिंकनमध्ये लोक कसली रग्बी खेळतात देव जाणे, आमची तर नाही. तिथे माझे रविवार कुठून येणार होते? म्हणून मी गप्प राहिलो. घरातून मैदानापर्यंत सातशे बारा पावलं आहेत. कठड्याची आमची जागा मला हाताने कळते, लोखंडाला तिथे पोचा आहे. चेंडू मला दिसत नाही, फलक दिसत नाही, माणसांचे चेहरे दिसत नाहीत. ओल्डरॉइडचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही. तो आला तेव्हा डाग आधीच येऊन बसला होता. पण त्याच्या आवाजावरून मला अख्खं मैदान दिसायचं. तो ‘डावीकडे दोन’ म्हणाला की डावीकडे दोन उभे राहायचे, माझ्या डोळ्यांपुढे.

त्या दिवशी मैदान दिसेना. दुसऱ्या सत्रात तो दोन-चारदा ओरडला, पण उशिरा. आणि एकदा तर धडका डाव्या बाजूला चालल्या होत्या आणि हा ‘उजवीकडे, उजवीकडे’ म्हणत होता. समोरच्यांनी त्या वेळी ट्राय केली. गंमत म्हणजे बाकी सगळं झकास चाललं होतं. ओल्डरॉइडने स्वतः दोन ट्राय केल्या, दुसरी तर म्हणे सत्तर यार्ड पळत. मॉरीनने शेजारून सांगितलं, “अगंबाई, बघा तरी, आतल्या बाजूने वळला, दोघांना चकवलं, आता कुणी नाही पुढे, गेला, गेला!” लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. आम्ही अठ्ठावीस-बावीसने जिंकलो. सामन्याचा वीर म्हणून भोंग्यावरून ओल्डरॉइडचंच नाव आलं. मी कठडा धरून उभा राहिलो आणि मला काहीतरी खटकलं ते खटकलंच.

सामना झाला की आम्ही क्लबच्या बारमध्ये बसतो. टेबल ठरलेलं, बॅरी ठरलेल्या बाजूला, कारण त्याला टीव्ही दिसायला हवा. त्या दिवसांत गावात बोलायला एकच विषय होता. डोंगरापलीकडच्या, लँकेशरमधल्या एका बड्या क्लबला ओल्डरॉइड हवा होता. हंगाम संपला की नेणार. किती देणार, याचे आकडे दर आठवड्याला वाढत होते.

“त्याला एवढे पैसे? कशासाठी?” बॅरीने ग्लास टेकवला. “पळतो, मान्य. हरीणही पळतं. अंगावर आलेल्याला पाडायची वेळ आली की बाजूला सरतो. मऊ आहे पोरगा. मी चाळीस वर्षं मांस कापलंय, मला कळतं.”

“तू गाई कापल्यास, बॅरी,” मॉरीन म्हणाली. तिची वही उघडल्याचा आवाज आला. ती सगळं लिहून ठेवते. कोण किती यार्ड पळाला, किती चेंडू हातातून निसटले. “दर सामन्याला दीडशे यार्ड. लीगमध्ये दुसरा दाखव. आणि मऊ? मागच्या रविवारी हल शहरातल्या सामन्यात कानशिलावर गुडघा खाल्ला की नाही त्याने? पडला, उठला, तीन मिनिटांत परत चेंडू झेलत होता. समोरच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.”

“एकदा उठला म्हणून काय पुतळा उभारायचा?”

“विल्फ, तू सांग,” मॉरीन म्हणाली. “तू नेहमी त्याची बाजू घेतोस.”

खरंच घ्यायचो. बॅरी त्याच्या अंगाबद्दल बोलायचा, मॉरीन त्याच्या पळण्याबद्दल, आणि मी म्हणायचो, त्याची किंमत घशात आहे. तो बोलतो म्हणून बाकीचे बारा शहाणे वाटतात. हे दुसरं कुणी म्हणत नसे, म्हणून ते माझं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. ते दोघं माझ्याकडे बघत होते. निदान गप्प होते. आणि मी म्हणालो, “त्याचं मन इथे नाही. आज तो ओरडला नाही. स्वतःच्या दोन ट्राय केल्या, तिकडच्यांना दाखवायला. मागे उभं राहून दुसऱ्यांसाठी घसा फोडायचा, ते सोडलंय त्याने. माझं ऐका, त्याने सही केलेली आहे.”

मग बॅरीने टेबलावर थाप मारली. “सही केलीये! तरीच!”

“केलीये असं मला वाटतं,” मी म्हणालो, पण तेवढं त्याने ऐकलं नसावं.

मी ऐकतो ते बरोबर ऐकतो, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. कोळशाच्या खाणीत मी तेवीस वर्षं माणसं खाली-वर नेणारा पाळणा चालवला. वर, इंजिनघरात, एकटा. खाली आठशे यार्डांवर घंटेची दोरी ओढणारा माणूस आणि वर मी. तीन ठोके म्हणजे माणसं बसली आहेत, हळू घे. चालू असताना एक ठोका म्हणजे थांब. तेवीस वर्षं मी माणसं खाली सोडली आणि वर काढली, आणि त्यांतलं कुणी मला दिसत नसे. ठोक्यांवरून मला माणूस कळायचा. अर्नल्ड शॉचे तीन ठोके सारखे आणि कोरडे. पंचाहत्तर साली एका दुपारी त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यात फट पडली. लहानशी. दुसऱ्या दिवशी परत. मी सहा दिवस ऐकलं आणि मग वरच्या साहेबाला जाऊन सांगितलं की शॉ कामावर पिऊन येतो. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता, सांगायलाच हवं होतं, ते मी आजही म्हणेन. त्याला खालून काढून कोळसा निवडायच्या पट्ट्यावर घातलं, म्हाताऱ्यांच्या आणि लुळ्यांच्या कामावर. वर्षभराने तो बहिणीकडे स्कारबरोला निघून गेला. मग कुणीतरी म्हणालं की त्याच्या हाताला काहीतरी झालं होतं, कप धरता येत नव्हता. काय झालं होतं ते मी विचारलं नाही. तक्रार मी केली होती हे त्याला कळलं की नाही, तेही नाही.

बुधवारी नॉर्मा मासे आणि चिप्स घेऊन घरी आली आणि म्हणाली, “दुकानात सगळे तुझं नाव घेत होते. ओल्डरॉइड विकला गेला असं तू म्हणालास म्हणे.” मी म्हणालो, मला तसं वाटलं. “दुकानातली बाई म्हणत होती, विल्फने पाहिलंय म्हणजे झालं.” पाहिलंय हा शब्द तिने जरा जोर देऊन म्हटला का? मला तसं वाटलं. हल्ली मला नॉर्माच्या सगळ्या बोलण्यात असं काहीतरी लागतं. ती चहाचा कप ठेवते तो नेहमी एकाच जागी, कान माझ्या उजव्या हाताला. पूर्वी ती कुठेही ठेवायची; माझ्या पुस्तकावर ठेवायची, भांडायचो आम्ही त्यावरून. आता भांडत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने पांढरी पट्टी चिकटवली आहे, नातवंडांसाठी म्हणे. नातवंडं लिंकनला असतात. माशाचे काटे ती आधीच काढून ठेवते. तिला कळलंय आणि ती सांगत नाही, का तिला कळलेलं नाही आणि म्हातारपणी माणसं अशी हळुवार होतातच? मी काही तिला विचारणार नव्हतो. विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तरापाठोपाठ सामान बांधायला लागणार.

मॉरीनवर तर मला कधीचा संशय होता. ती सामन्यात फार बोलते. पूर्वी बोलायची नाही. वही, पेन्सिल आणि तोंड बंद. आता प्रत्येक गोष्ट मोठ्याने. ‘क्रॅव्हनने चेंडू घेतला’, ‘डावीकडे दिला’, ‘पंचाने हात वर केला’. बॅरी एकदा वैतागून म्हणालाही, “अगं बाई, आम्हाला डोळे आहेत.” त्यावर ती हसली आणि बोलत राहिली. मी तिची परीक्षा घेतली. एका रविवारी म्हणालो, “ओल्डरॉइडने बूट बदलले वाटतं. पिवळे.” काही माहीत नसताना, नुसतं ठोकून दिलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “हो, बदललेत वाटतं.” बॅरी तेव्हा लघवीला गेला होता. बूट खरंच पिवळे होते का? का ती मला सांभाळून घेत होती? त्या ‘हो’च्या आधीच्या थांबण्यावर मी आठवडाभर विचार केला. मला दया नको होती. दयेपेक्षा त्यांनी माझ्याशी भांडलेलं मला चाललं असतं. पण दया आहे असं तरी कशावरून? ज्याला चेहरे दिसत नाहीत त्याला काहीही वाटू शकतं.

मधल्या रविवारी सामना बाहेरगावी होता. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही परत कठड्याला होतो, आणि ओल्डरॉइडचं नाव भोंग्यावर आलं तेव्हा आमच्याच लोकांनी हुर्यो उडवली. आधी थोडी, चाचपडत. मग त्याने पहिल्यांदा चेंडू हातात घेतला तेव्हा जोरात. “लँकेशरला जा!” “चेक वटला का रे?” बॅरी तोंडाला हात लावून ओरडत होता, त्याच्या कोपराचा धक्का मला लागत होता. “बघ,” तो आनंदाने म्हणाला, “तू सुरू केलंस ना, बघ आता!” मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. बरं वाटत नव्हतं. आजही तो ओरडत नव्हता, म्हणजे माझं ऐकणं खोटं नव्हतं. पण विकला गेलेला माणूस असा शांत का असेल, हे मला जुळेना. सही केलेला माणूस चोरून का होईना सवयीने ओरडेल. सवय काही लगेच सुटत नाही. मी निवृत्त झाल्यावर दहा वर्षं दारावरची घंटा वाजली की माझा हात ब्रेककडे जायचा. याची सवय पंधरा दिवसांत कशी गेली?

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर समोरच्यांनी खांबांच्या अगदी जवळ ट्राय केली. ट्राय झाली की ज्यांच्यावर झाली ते सगळे स्वतःच्या खांबांमागे येऊन उभे राहतात, ट्रायनंतरची जादा गुणांची किक होईपर्यंत. म्हणजे आमच्या पुढ्यात. मध्ये फक्त कठडा आणि तीन हात गवत. आमचे लोक त्या टोकाला होते, इकडे समोरच्या गावचे थोडे आणि आम्ही तिघं. पोरं धापा टाकत होती, थुंकत होती, घामाची वाफ माझ्या तोंडावर येत होती. कडेच्या नजरेतून मला दोन आकृत्या दिसल्या, बाकीच्यांपासून जरा दूर, कठड्याला लागून. एक रुंद होती, तो कप्तान, लुईस क्रॅव्हन. त्याचा आवाज मला ठाऊक होता. दुसरा बोलला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा ओल्डरॉइड आहे, कारण हळू बोलताना त्याला मी कधी ऐकलंच नव्हतं.

“लुईस, हा कुठला हाफ?”

“दुसरा. वीस मिनिटं राहिलीत.”

“मग आपण नदीकडे चाललोय?”

“नदी पाठीमागे. टेकडीकडे चाललोय. हे बघ, माझ्याकडे बघ. मागच्यासारखंच करायचं. तू माझ्या पाठीवर नजर ठेव. मी डावा हात मागे केला, डावीकडे सरक. उजवा केला, उजवीकडे. तोंड उघडू नकोस. चुकीचं ओरडलास की कळलं सगळ्यांना.”

“कानात आवाज येतोय.”

“हलच्या सामन्यापासून येतोय, जाईल. सहा आठवडे काढ. एकदा तिकडची सही झाली की महिनाभर झोपून राहा, कुणी विचारणार नाही.”

“लुईस,” तो म्हणाला. “समोर कोण आहेत?”

क्रॅव्हनने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी मॉरीन माझ्या उजव्या कानाशी, कुणीही विचारलेलं नसताना, शांतपणे म्हणाली, “किक गेली. दोन्ही खांबांच्या मधून. आता मध्यावर चाललेत सगळे.” मी कठडा घट्ट धरला. पोरं निघून गेली, बूट दूर गेले. क्रॅव्हनच्या आवाजात मी जे ऐकलं होतं तेच मॉरीनच्या आवाजात होतं, जसंच्या तसं, आणि ती दया नव्हती. माणूस आपल्या माणसाला चिखलातून हाताला धरून नेतो तेवढंच होतं. आणि मी मात्र बारमध्ये बसून म्हणालो होतो, सही केलीये.

सांगायला हवं होतं. क्लबची डॉक्टर मध्यरेषेजवळ बाकावर बसते, आमच्यापासून पन्नास-साठ यार्डांवर, बुटक्या भिंतीच्या पलीकडे. तिला जाऊन चार वाक्यं बोलायची. पण काय बोलायचं? मी पाहिलं? लोक म्हणतील, कधी पाहिलंस, कसं पाहिलंस, त्या दिवशी तर त्याने दोन ट्राय केल्या, तू म्हणालास विकला गेला. आणि पोराची सही जाईल. चोवीस वर्षांचा आहे, आई शाळेत मुलांना जेवण वाढते. आणि माझं? मी तिथवर एकटा जाऊ शकत नाही, मला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि एकदा मोठ्याने सांगितलं की ते नॉर्मापर्यंत पोचणार आणि नॉर्मापासून लिंकनपर्यंत. उभा राहून मी हा सगळा विचार केला, हे मला कबूल करायला हवं. पंचाचं ‘एक’ झालं, ‘दोन’ झालं, ‘तीन’ झालं, तरी मी तसाच. मग समोरच्यांनी चेंडू उंच उडवला. उंच चेंडू आला की फुलबॅकने ‘माझा!’ म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे आपलेच दोघं एकमेकांवर आदळत नाहीत. अख्खं मैदान वर बघत होतं, सगळे श्वास रोखून, आणि त्या शांततेत मी ‘माझा’ची वाट बघितली. तो आला नाही. दोन अंगं आदळल्याचा आवाज आला. मग हुर्यो.

“उठला,” मॉरीन म्हणाली. “उठला तो. गुडघ्यावर आहे. आता उभा राहिला.”

“मॉरीन, मला डॉक्टरकडे ने.”

“तुला काय होतंय?”

“मला नाही. मला दिसत नाही, मला एकट्याला जाता येणार नाही. चल लवकर.”

तिने माझा दंड धरला. “कुठे चाललात?” बॅरी मागून ओरडला. “आत्ता तर मजा आलीये!” आम्ही भिंतीच्या कडेकडेने निघालो. “पायरी,” ती म्हणाली. “अजून एक. इथे केबल आहे, पाय उचल.” भिंतीपाशी तिने मला थांबवलं आणि पलीकडे हाक मारली. डॉक्टरचं नाव फर्थ, तरुण बाई, आवाज चटपटीत.

“ओल्डरॉइडला बाहेर काढा,” मी म्हणालो. “त्याच्या डोक्याला लागलंय. हलच्या सामन्यात लागलंय, तेव्हापासून.”

ती थकल्यासारखी हसली. “आजोबा, पंधरा दिवसांत मला हे सांगणारे तुम्ही सातवे. त्याला काढा, त्याला बसवा, तो पैसे खाऊन बसलाय. पोराला नीट झोपू देत नाही हो तुम्ही लोक. कुणी एक विल्फ हेपवर्थ आहे, त्याने म्हणे डोळ्यांनी पाहिलंय.”

“तो मीच.”

तिची पावलं भिंतीजवळ आली. मग म्हणाली, “मग तुमच्यावर मी विश्वास का ठेवू?”

बरोबर होतं तिचं. मीही ठेवला नसता. मागे लोक बसले होते, सगळे ओळखीचे असणार, आणि बॅरीही आमच्यामागून येऊन पोचला होता, त्याचा घरघरणारा श्वास मला ऐकू आला. “मी काही पाहिलेलं नाही,” मी म्हणालो, आणि आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. तुम्ही आत्ता किती बोटं वर केलीत ते मला सांगता येणार नाही, तुम्हाला तोंड आहे की नाही तेही नाही. मला फक्त ऐकू येतं. खांबांमागे त्याने कप्तानाला विचारलं, हा कुठला हाफ. मग विचारलं, समोर कोण आहेत. कप्तान त्याला हाताने खुणा करतो, तसा तो सरकतो. त्याला विचारा. आज वार कुठला ते विचारा.”

“विल्फ,” बॅरी मागून म्हणाला, एवढंच. त्याला इतका हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरने पिशवी उचलल्याचा आवाज आला, मग गवतावरून झपाझप पावलं गेली, मग पंचाची लांब शिट्टी.

तो बाहेर आला तेव्हा लोकांनी आभाळ फाडलं. दोन हजार माणसांना त्यात विजय दिसला. गद्दाराला काढलं, म्हणून. बॅरी आता त्यांना गप्प करायला बघत होता, “अरे थांबा! अरे, तसं नाहीये ते!” असं ओरडत होता, पण खाटकाचा आवाज कितीही मोठा असला तरी दोन हजारांपुढे काय. मॉरीनने मला भिंतीतल्या फाटकातून आत घेऊन बाकाच्या टोकाला टेकवलं होतं. डॉक्टर प्रशिक्षकाशी बोलत होती, कडक आवाजात. बाक दबलं. माझ्या शेजारी कुणीतरी बसलं, ओलं, तापलेलं, चिखलाचा वास येणारं. मी त्याच्याकडे बघितलं आणि अर्थातच तो नाहीसा झाला. मी मान वळवली, तेव्हा कडेने दिसला. मान खाली, हात गुडघ्यांवर, बूट पिवळे नव्हते. दोन वर्षं ज्याच्या आवाजाने मी बघत होतो तो हा, आणि त्याला आत बोलावीपर्यंत मला एखादं मिनिट होतं. चारी बाजूंनी हुर्यो चालूच होती. तो जरासा माझ्याकडे वाकला, गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाला स्टेशन कुठलं आलं असं विचारावं तसा.

“आजोबा,” तो म्हणाला, “कुणाच्या नावाने ओरडतायत हो हे?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“का? काय केलंत तुम्ही?”

मी त्याला सांगायला लागलो.